डोक्यात मावेल तेवढेच



मागे याच पानावर आम्ही पाचटाबद्दल लिहिले होते. ऊस तुटून गेल्यावर एकरी तीन-चार टन पाचट रानात पडते. ते जाळू नये, सरीत दाबावे, त्याने ओल टिकते, तण दबते, पुढे कुजून जमिनीला नत्र मिळते, असे सगळे त्यात सांगितले होते. लेख पुष्कळांनी वाचला. काहींनी मिस्सानंतर थांबून शंकाही विचारल्या. त्यांत आमच्या धर्मग्रामातले एक शेतकरी होते. वय पन्नाशीच्या पुढचे, दीड एकर ऊस, हिशेबाला पक्के. पाचटाची कुट्टी करणाऱ्या यंत्राचे भाडे कुठे किती पडते, याचीही त्यांनी आमच्याकडे चौकशी केली होती.

पुढे जानेवारीच्या अखेरीस आम्ही त्यांच्या रानावरून जात होतो, तो बांधापासून बांधापर्यंत काळी राख. बुडखेही जमिनीच्या वर तसेच राहिलेले. आम्ही गाडी थांबवली आणि त्यांना चांगलेच सुनावले. एवढे विचारून, समजून घेऊनही असे करायचे, मग लिहिणाऱ्याने लिहावे तरी कशाला, असे काहीबाही बोललो. त्यांनी निमूटपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, "फादर, तोड आली त्या आठवड्यात टोळीला खुशाली द्यायची होती, ट्रॅक्टर रुतला होता, पोराची फी भरायची होती, आईला चक्कर येत होती. पाचटाचं काय करायचं ते मला ठावं होतं की. पण डोकं जाग्यावर नव्हतं. काडी ओढली, एक तरी काम डोक्यातनं गेलं."

चार दिवसांनी त्यांच्या आईंना पक्षाघात झाला. रक्तदाबाच्या गोळ्या पंधरवड्यापूर्वीच संपल्या होत्या आणि आणायच्या राहून गेल्या होत्या. 'चक्कर' हा शब्द आम्ही त्या दिवशी बांधावर उभे राहून स्वतःच्या कानांनी ऐकला होता. पण आमच्याही डोक्यात तेव्हा पाचटच होते. गोळ्या चालू आहेत का, एवढा एक प्रश्न आम्हांला सुचला नाही.

म्हणून आजचा लेख खताविषयी किंवा रोगाविषयी नाही. शहाणा, माहीतगार माणूस ऐन वेळी चुकीचे का करतो, याविषयी आहे. अशा वेळी 'अज्ञान' किंवा 'आळस' असे दोनच शेरे आपल्याकडे तयार असतात, आणि आम्हीही ते पुष्कळदा वापरले आहेत. पण या शेतकऱ्याला दोन्ही लागू पडत नाहीत.

अर्थशास्त्राच्या जुन्या पुस्तकांतला माणूस मोठा विलक्षण असे. त्याच्यापुढे सर्व पर्याय मांडलेले असत, प्रत्येकाचा नफा-तोटा त्याला ठाऊक असे, आणि सगळ्यांची बेरीज-वजाबाकी करून तो त्यांतला सर्वोत्तम पर्याय निवडी. असा माणूस कोणाच्या गावात आहे? हर्बर्ट सायमन या अमेरिकन अभ्यासकाला तो कुठेच भेटला नाही. १९३५ साली विद्यार्थी असताना सायमन आपल्याच मिल्वॉकी शहरातल्या मुलांच्या मैदानांचा कारभार पाहायला गेले होते. मैदानांची जबाबदारी दोन खात्यांकडे होती. एकाला वाटे, पैसा डागडुजीवर खर्चावा. दुसऱ्याला वाटे, मुलांवर देखरेख करणाऱ्यांवर खर्चावा. एक रुपया इकडून तिकडे हलवला तर लाभ किती, असा पुस्तकी हिशेब कोणीच करीत नव्हते. जो तो आपल्या नजरेसमोर जे होते त्यावरून ठरवीत होता. माणसे मूर्ख नव्हती. पण एका माणसाच्या नजरेत सगळे येतच नाही. या विचाराचा पाठपुरावा सायमन यांनी पुढे आयुष्यभर केला आणि १९७८ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

त्यांचे म्हणणे बैलबाजारात नेऊन पाहिले तर लगेच पटते. बैल घ्यायला गेलेला शेतकरी जिल्ह्यातले सगळे बाजार आणि सगळे बैल पाहून मग ठरवीत नाही. दात, वशिंड, खूर, चाल एवढे बघतो. पहिले दोन-तीन पसंत पडत नाहीत. चौथा आपल्या कामाला पुरेसा वाटतो, की सौदा करून मोकळा होतो. सातव्या दावणीला याहून बरा बैल असेलही, पण तो शोधण्यात दिवस जातो, पाय दुखतात, आणि तोवर चौथा दुसराच कोणीतरी घेऊन जातो. 'पुरेसे चांगले मिळाले की थांबावे' ही रीत शहाणपणाचीच आहे. ती नसती तर आपण सकाळी कोणता सदरा घालावा यावरच दुपार केली असती.

आम्ही सेमिनरीत संत थॉमस अक्वायनस शिकलो तेव्हा विवेकावरचा एक भाग आम्हांला रुक्ष वाटला होता. व्यवहारातल्या गोष्टी इतक्या नाना प्रकारच्या असतात की त्यांच्या सर्व बाजू एकाच माणसाला पुरतेपणी दिसणे शक्य नाही, थोड्या वेळात तर नाहीच, म्हणून जाणत्यांचे ऐकावे, असे ते सांगतात. तेराव्या शतकातला धर्मपंडित आणि विसाव्या शतकातला अर्थशास्त्रज्ञ या ठिकाणी एकाच बांधावर येतात, याची आम्हांला मौज वाटते.

आता डोक्याची ही जागा किती, हेही लोकांनी मोजून पाहिले आहे. १९५६ साली जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाने दाखवले की, एका वेळी सुमारे सात सुट्या गोष्टी मनात धरता येतात. पुढे २००१ मध्ये नेल्सन कोवन यांनी हा आकडा चारपर्यंत खाली आणला. म्हणजे टोळी, ट्रॅक्टर, फी आणि आई एवढ्यातच पाटी भरली. पाचट आणि गोळ्या यांना बसायला जागाच उरली नव्हती.

पण खरी गोष्ट याच्याही पुढे आहे, आणि ती उसाचीच आहे. तमिळनाडूत विळुपुरम आणि तिरुवण्णामलै जिल्ह्यांतल्या ५४ गावांमधील ४६४ ऊस उत्पादकांची आनंदी मणी, सेंधिल मुल्लैनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परीक्षा घेतली. तीही दोनदा. एकदा तोडीपूर्वी, हात आखडलेला असताना; आणि पुन्हा तोडीनंतर, पैसा हाती आल्यावर. दोन्ही वेळा तीच माणसे. तोडीपूर्वी शंभरातल्या ९९ जणांवर कर्ज होते, नंतर १३ जणांवर. तोडीपूर्वी ७८ जणांनी काही ना काही गहाण टाकले होते, नंतर चौघांनी. या आकड्यांत आपल्याकडच्या कोणालाही नवल वाटणार नाही.

परीक्षा अगदी साध्या होत्या. आकृत्यांच्या ओळीत गाळलेली आकृती कोणती, ते ओळखायचे. दुसरी तर आपण घरी मुलांबरोबर करून पाहावी अशी आहे. कागदावर '५ ५ ५' असे लिहिलेले दाखवतात, आणि आकडा कोणता हे न सांगता आकडे किती आहेत ते सांगायचे. म्हणजे उत्तर 'तीन'. जिभेवर 'पाच' येतो, तो गिळावा लागतो. आकृत्यांच्या परीक्षेत त्याच शेतकऱ्यांची तोडीपूर्वी सरासरी ४.३५ उत्तरे बरोबर आली, तोडीनंतर ५.४५. आकड्यांच्या परीक्षेला आधी १४६ सेकंद लागले, नंतर १३१, आणि चुकाही कमी झाल्या. दुसऱ्या खेपेला सराव झाला म्हणून बरे जमले असेल, ही शंका अभ्यासकांनाही आली होती. म्हणून त्यांनी शंभर शेतकरी मुद्दाम बाजूला ठेवून त्यांची पहिली परीक्षा तोडीनंतरच घेतली. शिवाय कारखाना कोणाला आधी तोड देतो, कोणाला तीन-चार महिन्यांनी. त्यामुळे ऋतुमानाचा हा परिणाम असेल असेही म्हणता येत नव्हते. २०१३ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

याचा अर्थ गरिबाला बुद्धी कमी असते, असा कोणी काढू नये. अर्थ नेमका उलट आहे. बुद्धी तीच, माणूस तोच. पण पैशाची ओढाताण आतल्या आत सतत हिशेब करीत राहते आणि डोक्यातली जागा अडवून बसते. मनुष्य समोर बसून तुमचे बोलणे ऐकत असतो, पण आत सावकाराची तारीख मोजत असतो.

प्रामाणिकपणे हेही सांगायला हवे की या विषयावरचे सगळे अभ्यास एकसारखे बोलत नाहीत. अमेरिकेत पगारापूर्वी आणि पगारानंतर लोकांची अशीच परीक्षा घेतली, तेव्हा फरक दिसला नाही. तो अभ्यास २०१६ चा. आमच्या मते पंधरवड्याच्या पगाराची चणचण आणि वर्षातून एकदा येणाऱ्या उसाच्या बिलाची चणचण यांत फार अंतर आहे. ओडिशात पानांच्या थाळ्या शिवणाऱ्या मजुरांवर झालेला एक प्रयोग आम्हांला अधिक जवळचा वाटतो. काही मजुरांना त्यांचीच कमाई थोडी आधी देण्यात आली. मजुरी वाढवली नव्हती, फक्त लवकर दिली. त्यांचे काम सरासरी ७ टक्क्यांनी वाढले आणि थाळीतल्या निष्काळजीपणाच्या चुका घटल्या. हात तेच होते, डोके मोकळे झाले होते.

आणखी एक उदाहरण दिल्याशिवाय राहवत नाही, कारण ते आपल्यासारख्या मुरलेल्या माणसांच्या नाकावर टिच्चून बोलते. इंडोनेशियात बालीजवळ नुसा पेनिडा बेटावर लोक समुद्रात दोऱ्या ताणून त्यांवर शेवाळाचे बेणे बांधतात. ही शेती त्यांच्या हाडात भिनलेली. दोन बेण्यांतले अंतर किती ठेवता, असे विचारले तर सांगत. पण बांधायचा तुकडा केवढा घेता, असे विचारले तर बहुतेकांना उत्तरच देता येईना. त्यांनी तिकडे कधी लक्षच दिले नव्हते. उत्पन्न तर त्या तुकड्याच्या आकारावरही अवलंबून होते. त्यांच्याच पाण्यात प्रयोग करून दाखवला, तेव्हाही नुसता प्रयोग पाहून फारसे कोणी बदलले नाही. तुमच्या दोरीवर केवढ्या तुकड्याला किती पीक आले, हे वेगळे काढून समोर ठेवले, तेव्हा लोक बदलू लागले. अनुभव डोळे उघडतो तसा काही बाजूंनी झाकतोही. लक्ष मोजकेच असते, आणि जिकडे ते कधी गेलेच नाही तिकडचे नुकसान आपण वर्षानुवर्षे नशिबाच्या खात्यावर टाकतो.

आता आपल्या खोडव्याकडे येऊ. खोडव्याची खरी कामे तोडीनंतरच्या पहिल्या पंधरा दिवसांतली: बुडखे जमिनीसरशी छाटणे, पाचट सरीत दाबणे, पहारीने खताचा पहिला हप्ता देणे. आणि हेच पंधरा दिवस सर्वांत ओढाताणीचे, कारण ऊस गेलेला असतो आणि बिल आलेले नसते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने चौदा दिवसांत पैसे देण्याची मुदत घातली, त्यानंतर १५ टक्के व्याजही लावले. तरी बिलाची वाट पाहणे किती लांबते ते शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. म्हणजे पुढच्या वर्षाच्या पिकाचा निर्णय आपण नेमका डोके सर्वांत भरलेले असताना घेतो. काडी सोपी वाटते यात आश्चर्य नाही. त्या घडीला 'पुरेसा चांगला' तोच पर्याय असतो.

तेव्हा निर्णयाची जागाच बदलली पाहिजे. तोड यायच्या महिनाभर आधी, एखाद्या निवांत संध्याकाळी, घरातल्या दोघांनी बसून खोडव्याचे सगळे ठरवावे आणि कागदावर लिहावे. बुडखे कोण छाटणार, कोणत्या दिवशी, मजुरी किती, पाचट कोण दाबणार, हे नावानिशी. नुसते 'करू' असे लिहू नये. 'करू' हा शब्द डोक्यातून काहीच बाहेर काढत नाही. पहिल्या हप्त्याची खताची पोती तोडीआधीच सोसायटीतून आणून फळ्यांवर, कोरड्या जागी रचून ठेवावीत. दुसरा हप्ता सुमारे १३५ दिवसांनी द्यायचा असतो. त्याची पोती बिल हाती पडेल त्याच आठवड्यात घ्यावीत, कारण जूनपर्यंत त्या पैशाला शंभर वाटा फुटतात.

हे आमच्या मनचे नाही. पश्चिम केनियात मक्याच्या शेतकऱ्यांना विचारले, तर जवळजवळ सगळेच म्हणत की पुढच्या हंगामात खत घालणार. प्रत्यक्षात घालणारे एक तृतीयांशाच्या आसपास निघत. एस्तेर डुफ्लो, मायकल क्रेमर आणि जोनाथन रॉबिन्सन यांनी खताचा भाव कमी न करता एवढेच केले की, काढणी झाल्याबरोबर, पैसा हातात असताना, शेतकऱ्याच्या दारी जाऊन पुढच्या हंगामाच्या खताचे पैसे घेतले आणि पोते घरपोच देण्याची सोय केली. खत वापरणारे लक्षणीय वाढले. आपल्या सोसायट्यांना हे करणे अवघड नाही.

आरोग्याच्या बाबतीत हाच नियम आहे, पण चुकीची किंमत जास्त. रक्तदाबाला दुखणे नाही, म्हणून तो डोक्यातली जागा मागत नाही. ज्याला ताप असतो तोच आधी दवाखान्यात जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालात म्हटले आहे की, जुनाट आजारांची औषधे नियमाने घेणाऱ्यांचे प्रमाण श्रीमंत देशांतही सरासरी निम्म्यावरच राहते. तेव्हा आपल्या म्हाताऱ्यांना 'विसराळू' म्हणून हिणवू नये. सात खणांची डबी मिळते ती आणावी, किंवा पट्टीवर पेनाने वार लिहावेत. शेवटच्या सात गोळ्या उरल्या की नवी पट्टी आणायची, ही खूण ठरवून ठेवावी. आणि हे काम घरातल्या सर्वांत गांजलेल्या माणसावर टाकू नये. कर्त्या पुरुषाचे आणि चुलीपाशी राबणाऱ्या सुनेचे डोके आधीच भरलेले असते. शाळकरी मुले हे काम फार नेमाने करतात.

तसेच, तोंड वाकडे होणे, एका हातातले बळ जाणे, बोबडी वळणे यांपैकी काहीही दिसले तर पहिल्या साडेचार तासांत गुठळी विरघळवणारे औषध देता येण्याची शक्यता असते. पण त्यासाठी आधी मेंदूचा सीटी स्कॅन व्हावा लागतो. रात्री दोन वाजता कोणाची गाडी, कोणते रुग्णालय, तिथे स्कॅन आहे का, हे त्या वेळी कोणाला सुचत नाही. ते आजच विचारून भिंतीवर लिहून ठेवावे.

भिंतीवर लिहिणे अडाण्यांचे काम, असे कोणाला वाटत असेल तर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडे बघावे. डॉ. अतुल गवांदे यांच्या पुढाकाराने, त्यांचे वडील आपल्या यवतमाळ जिल्ह्यातले, जागतिक आरोग्य संघटनेने १९ बाबींची एक यादी तयार केली. रोगी तोच आहे ना, कापायची बाजू हीच ना, कापूस मोजला का, असल्या गोष्टी मोठ्याने वाचायच्या. दिल्लीसह जगातल्या आठ शहरांतील रुग्णालयांत ती वापरून पाहिली. शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आले, असे २००९ साली प्रसिद्ध झाले. वीस वर्षे सुरी चालवणाऱ्यांनाही कागद लागतो.

आणि थोडे आमच्यासारख्यांविषयी. शिष्यवृत्तीचा अर्ज आम्ही जानेवारीत मागवीत होतो, सोबत पाच कागद, प्रत्येकाला वेगळी फेरी. दरवर्षी ज्यांना खरी गरज तेच मागे राहत, आणि आम्ही सभेत म्हणत असू की लोकांना आस्था नाही. आता अर्ज ऑगस्टमध्ये घेतो, दोन कागदांवर, आणि तेही मिस्सानंतर तिथल्या तिथे भरून.

त्या शेतकऱ्याकडे आम्ही नंतर गेलो आणि बांधावरच्या बोलण्याबद्दल माफी मागितली. ते संकोचले, "असू द्या की फादर" म्हणाले. या खेपेला त्यांच्या दाराच्या आतल्या बाजूला तोडीचा कागद चिकटवलेला आहे, त्यावर पाचटापुढे धाकट्या भावाचे नाव आहे. आईंचा उजवा हात अजून उचलत नाही. चहाच्या डब्याशेजारी सात खणांची डबी असते. आठवीतली नात शनिवारी रात्री ती भरते. परवा आम्ही गेलो तो गुरुवार होता. चहा होईपर्यंत आम्ही डबी उघडून पाहिली, गुरुवारपर्यंतचे खण रिकामे होते.